खचता कोपरा

भावना रोकडेच्या पडद्यावर उल्हासनगर रोज असायचं, पण त्या गुरुवारी दुपारी तिला तिथे आपल्या आईचं घर दिसलं, आणि तेही लाल रंगात.

ऐरोलीच्या ज्या सरकारी केंद्रात ती नोकरीला होती, तिथे देशाच्या रडार उपग्रहांनी पाठवलेल्या प्रतिमा तपासल्या जायच्या. उपग्रह ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाटेने डोक्यावरून जायचा, आपल्याच लहरी खाली सोडायचा आणि परत आलेल्या टिपून घ्यायचा. त्याला ना ढग आडवे येत, ना अंधार. एका फेरीची प्रतिमा आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहिली की कुठली जमीन केसभर का होईना खाली गेली, ते कळायचं. इमारती नकाशावर ठिपक्यांसारख्या उमटत. स्थिर ते हिरवे, खचणारे पिवळे आणि झपाट्याने खचणारे लाल.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या 'तारादीप' इमारतीचे सगळे ठिपके हिरवे होते. फक्त मागच्या कोपऱ्यावरचे दोन लाल झाले होते.

"सर, जरा इकडे या ना," भावनाने हाक मारली. "ही तारादीप. माझी आई इथे राहते. भाऊ, वहिनी, भाची, सगळे."

नरेंद्र सर तिचे वरिष्ठ. मितभाषी आणि सावध माणूस. खुर्ची ओढून त्यांनी ते ठिपके मोठे करून पाहिले.

"दोनच ठिपके आहेत, भावना."

"तेच म्हणतेय सर. पूर्ण बिल्डिंग जागच्या जागी आहे, हा एकच कोपरा चाललाय."

"किंवा कोणीतरी कोपऱ्यावर नवे पत्रे ठोकलेत. मागच्या वर्षीचं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. मागच्या वर्षी असाच एक लाल ठिपका दिसला म्हणून केंद्राने घाईने कळवलं होतं. पोलिसांनी लोकांना मुलाबाळांसकट रस्त्यावर काढलं आणि नंतर निघालं काय, तर गच्चीवरची नवी शेड; तिच्या पत्र्याने लहरींची परतीची वाट बदलली होती. तेव्हा त्या लोकांसमोर उभं राहून शिव्या खाल्ल्या होत्या त्या नरेंद्र सरांनीच.

"रविवारी पहाटे पुढची फेरी आहे," ते उठत म्हणाले. "तोवर थांबू या. आणि खात्री होईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. नियम तुला सांगायला नको."

तिने मान डोलावली. पण संध्याकाळी बदलापूरच्या शिरगावातल्या आपल्या फ्लॅटवर जायचं सोडून तिने उल्हासनगरची वाट धरली.

तारादीपच्या मागे एक जुनी बराक होती, फाळणीनंतर सिंधहून आलेल्या माणसांना दिलेली. ती पाडून तिथे टॉवर उठणार होता. पत्र्याच्या कुंपणाआड खोल खड्डा खणला होता आणि एक जाडजूड पंप त्यातलं गढूळ पाणी उपसून नाल्यात ओकत होता. भावनाने कुंपणाच्या फटीतून आत पाहिलं. खड्ड्याची कड तारादीपच्या मागच्या कोपऱ्याला अगदी खेटून गेली होती. मातीला आधार म्हणून काही लावलेलं दिसलं नाही.

वर दुसऱ्या मजल्यावर आईने, जनाबाईने, चहा टाकला. भावना स्वयंपाकघराचं दार लोटायला गेली, तर ते अर्ध्यावरच अडलं.

"ते राहू दे," आई म्हणाली. "जयदेवने दोनदा रंधा मारला. लाकूड फुगलंय म्हणतो."

मे महिन्याच्या तापल्या उन्हात लाकूड फुगतं कुठून? जिन्याच्या वळणावर भिंतीला तिरकी चीर गेली होती, तीही तिने पाहून ठेवली. जयदेव अंबरनाथ एमआयडीसीतून पाळी करून आला, तसं तिने त्याला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

जयदेव ऐकत गेला तसा त्याचा चेहरा आवळत गेला. "ताई, तू काय बोलतेस ते कळतंय का तुला? इतक्या वरून फोटो काढला आणि आमचं घर पडणार?"

"फोटो नाही तो. आणि पडणार असं म्हटलं नाही मी. खचतंय म्हटलं. तुम्ही थोडे दिवस माझ्याकडे या ना."

"थोडे दिवस?" तो कडवट हसला. "मागच्या वेळीही थोडे दिवसच होते ना?"

भावना बारावीत असताना त्यांची आधीची इमारत धोकादायक ठरवून रिकामी करवली होती. नवी बांधून देतो म्हणाले होते. ती जागा आजही पत्र्याच्या कुंपणात तशीच पडून होती. वडील शहाडच्या भाड्याच्या खोलीत त्या घराची वाट बघत गेले. नंतर बहीणभावांनी पै पै जोडून तारादीपमधलं हे घर घेतलं, ते आईसाठी.

गच्चीच्या दारात आई केव्हा येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही.

"मी ऐकलंय सगळं," ती म्हणाली. "भावना, तू शिकलीस, तुझं खोटं नसेल. पण एकदा सोडलेलं घर परत मिळत नाही, हे मी शिकलेय. मी इथून हलायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावना हरेशभाईंकडे गेली. ते सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर त्याच मागच्या कोपऱ्यात त्यांचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. त्यांनी आणि विनिताभाभींनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"देख भावना," हरेशभाई म्हणाले, "तू आपल्या बिल्डिंगची मुलगी, तुझ्यावर भरोसा आहे. पण एकदा धोकादायकच्या यादीत नाव गेलं ना, की पाणी कट, लाइट कट. फिर कहाँ जाएँगे सब? तुझ्या साहेबांनी लिहून दिलंय?"

"नाही. त्यांना अजून खात्री नाही."

"मग?"

"मला आहे."

हरेशभाईंनी विनिताभाभींकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, "पट्टी लावून बघा ना. तुमचे बाबूजी लावायचे तशी."

ही जुन्या मिस्त्र्यांची रीत. भिंतीच्या चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची. भिंत हलली की चीर फाकते आणि काच तडकते. हरेशभाईंनी जिन्याच्या वळणावर स्वतःच्या हाताने पट्टी बसवली. तोवर मजल्यामजल्यावरची माणसं गोळा झाली होती.

"आता सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "काच फुटली, तर मी स्वतः एकेकाला खाली काढीन. नाही फुटली, तर ही गोष्ट पुन्हा काढायची नाही. मंजूर?"

सगळ्यांनी मंजूर म्हटलं. भावनानेही म्हटलं. याहून जास्त तिच्या पदरात पडणार नव्हतं.

मग ती खड्ड्यावर गेली. तिथलं काम बघणारा अल्पेश नावाचा माणूस टेबलफॅनसमोर बसला होता. पंप बंद करा आणि आधी कडेला आधार द्या, असं तिने हात जोडून सांगितलं.

"मॅडम, परमिशन सगळ्या आहेत."

"तुम्ही पाणी उपसताय तशी शेजारच्या पायाखालची माती मोकळी होतेय. वरून दिसतंय आम्हाला."

अल्पेशने मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि तो हसला. "वर जो बसलाय त्याला विचारा, पाणी न काढता पाया कसा भरायचा ते."

ती असेपर्यंत त्याने पंप बंद ठेवला. ती जिना चढून वर पोचते न पोचते, तोच घरघर पुन्हा सुरू झाली.

शनिवारी ती आईकडेच मुक्कामाला आली. जाता-येता काच बघत होती. काच जशीच्या तशी. शेजारीपाजारी आता तिच्याकडे बघून गालात हसू लागले होते. "काय भावना, उपग्रह काय म्हणतो?" जयदेव तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. मनाली वहिनी बिचारी दोघांच्या मधे. एकदा भांडी घासता घासता तिने हळूच विचारलं, "ताई, इराला तरी पाठवू का तुमच्याकडे? हे ऐकायचे नाहीत, पण..." तेवढ्यात जयदेव पाणी प्यायला आला आणि तिने नळ मोठा सोडला.

रविवारी दुपार व्हायला आली असताना फोन वाजला. नरेंद्र सर.

"कुठे आहेस?"

"आईकडेच, सर."

"पहाटेची प्रतिमा मी स्वतः बसून काढली." सर एवढ्या घाईने बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "दोनाचे सहा झालेत. वेग वाढलाय. ही पत्र्याची भानगड नाही, भावना. मी महापालिकेच्या आपत्ती कक्षाला फोन केलाय, गाडी पाठवतो म्हणाले. तू गाडीची वाट बघू नकोस. माणसं बाहेर काढ."

ती पायऱ्या गाळत खाली धावली. रविवारमुळे कारखाना बंद होता. हरेशभाई पुढच्या दारात शेजाऱ्यांशी बोलत उभे होते.

"हरेशभाई, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना काढा. साहेबांचा फोन आलाय. स्वतः सांगितलंय त्यांनी."

हरेशभाई तिच्याबरोबर वळणापर्यंत आले. वाकून, चष्मा वर करून त्यांनी पट्टी न्याहाळली. बोट फिरवून पाहिलं.

"एक रेघ पण नाही," ते म्हणाले.

"काचेचं सोडा हो. चीर फाकत नसेल, पण पूर्ण कोपराच एकसंध खाली जातोय."

"ठरलं काय होतं?" वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. "काच फुटली तर! आता काय, रोज नवीन?"

"भावना," हरेशभाई मऊ आवाजात म्हणाले, "लोक नाही ऐकणार. सगळ्यांसमोर ठरलंय. गाडी येऊ दे, मग बघू." आणि ते खाली निघून गेले.

भावना घरात आली. जयदेव टीव्हीसमोर. मनाली इराचे केस विंचरत होती. आई भाकरी थापत होती.

"आई, खाली चल. तुझ्या पाया पडते."

"जेवून घे आधी."

"आई!"

"काच फुटली का?"

या घराचं दार लागत नव्हतं, मागे पंप घरघरत होता, आणि सगळ्यांचा जीव त्या वीतभर काचेवर टांगलेला. ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता. तिने बत्ता उचलला आणि ती बाहेर गेली.

जिन्यात कोणी नव्हतं. ती पट्टीसमोर उभी राहिली. आजवर तिने एक आकडा फिरवला नव्हता. हिरव्याला हिरवं आणि लालला लाल म्हणायचं, एवढ्यावर तिची सगळी नोकरी उभी होती. आणि आपलंच चुकत असेल तर? शेड असेल, पत्रा असेल, तर ही माणसं तिला जन्मभर माफ करणार नव्हती. पहिला ठोका भीत भीत पडला, काच नुसती किणकिणली. दुसऱ्याला ती मधोमध तडकली.

ती वळली. उंबऱ्यात आई उभी होती, हात पिठाचे.

या मुलीने लहानपणी पेढा चोरला, तरी स्वतः येऊन सांगितलं होतं, हे जनाबाईला ठाऊक होतं. ती दोन पायऱ्या उतरली. तिने भावनाच्या हातातून बत्ता काढून घेतला आणि पदराआड धरला. मग जिन्याच्या पोकळीत वाकून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "काच फुटली! हरेश, काच फुटली रे!"

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. दारं धडाधड उघडली. हरेशभाई मजल्यामजल्यावर हाका मारत फिरले. कोणी सिलेंडर बंद केले, कोणी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललं, कोणी हातात आलं ते घेतलं. जयदेवने इराला कडेवर घेतलं. जनाबाईने भिंतीवरून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी उतरवल्या, दोन लुगड्यांत गुंडाळून बोचकं बांधलं आणि मागे न बघता ती जिना उतरली. विनिताभाभी देवघरातली झुलेलालची मूर्ती छातीशी धरून आल्या. सगळ्यात शेवटी भावना आणि हरेशभाई बाहेर पडले.

रस्त्याच्या पलीकडे दुकानांच्या सावलीत सगळी माणसं उभी राहिली. ऊन रणरणत होतं. पोरं पाणी मागत होती. वेळ जात होता आणि तारादीप आपली उभी. एकही कपची पडली नाही. महापालिकेची गाडी नाही. लोकांची कुजबुज सुरू झाली, मग कुरकुर, मग उघड बोलणं. "गॅसवर दूध तसंच राहिलंय." "औषधं वरच आहेत माझी." "कधीपर्यंत उभं राहायचं असं?"

हरेशभाई कोणाला न सांगता आत जाऊन आले. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर काचेचा तुकडा होता.

"भावना, ही ओढ बसून फुटलेली नाही," ते म्हणाले. "इथे ठोक्याचा डाग आहे. कोणी फोडली?"

सगळे भावनाकडे वळले.

"मी फोडली."

"आणि बत्ता माझा होता," आई शेजारून म्हणाली.

मग जो गलका उठला, त्यात कोण काय बोलतंय ते कळेना. कोणी शिव्या देत होतं, कोणी हसत होतं. जयदेव गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर आला. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई, तू आपल्या लोकांना फसवलंस? घराबाहेर काढायला?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कशाने निघत नव्हतात."

"चला रे वर!" कोणीतरी म्हणालं आणि पाच-सहा माणसं रस्ता ओलांडू लागली. सगळ्यात पुढे जयदेव. भावना त्याचा हात धरायला धावली, त्याने हात झिडकारला. पण प्रवेशदाराशी तो थांबला. आई त्याच्याआधी तिथे पोचली होती. बोचकं मांडीवर घेऊन ती पहिल्या पायरीवर, बरोबर मधोमध बसली होती.

"आई, ऊठ."

"नाही उठत."

"तूच म्हणालीस ना, हलणार नाही म्हणून?"

"म्हणाले. आणि हलले. मला हलवायला माझ्या पोरीला खोटं वागावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिने ते उगाच केलं असेल, असं वाटत असेल तर मला उचल आणि जा."

जयदेव तसाच उभा राहिला. मागची माणसंही थबकली. कोणीतरी म्हणालं, "मावशी, बाजूला व्हा ना." ती झाली नाही.

तेवढ्यात मागे पंपाचा आवाज बदलला. घरघर एकदम घुसमटली आणि थांबली. खड्ड्यात मजूर ओरडले, शिडीवरून भराभर वर चढण्याचे आवाज आले. मग जमिनीच्या पोटातून एक जड, ओला आवाज आला, भरलेली गोणी चिखलात टाकावी तसा. जयदेवने आईला बोचक्यासकट उचललं आणि तो पळत सुटला.

तारादीपचा मागचा कोपरा आधी थोडा झुकला. खिडक्यांच्या काचा एका पाठोपाठ एक फुटल्या. आणि मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या खोल्या, कारखाना, स्वयंपाकघरं, गॅलऱ्या, सगळं खड्ड्यात उतरलं. धुळीचा लोट रस्त्यावर आला आणि कोणाला कोणी दिसेना. माणसं एकमेकांची नावं घेऊन ओरडत होती. धूळ बसल्यावर पुढची अर्धी इमारत उभी दिसली, आणि दुसऱ्या मजल्यावर कापल्यासारखी उघडी पडलेली जनाबाईच्या घराची निळी भिंत.

सगळी माणसं मोजून झाली. सगळी होती. खड्ड्यातल्या एका मजुराचा पाय मोडला, तेवढंच.

हरेशभाई फुटपाथवर बसले होते. पंचवीस वर्षांचा कारखाना गेला होता. भावना जवळ गेली तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांनी नुसता तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे व्हायचं ते झालं. तारादीपला सील लागलं. खड्ड्याचं काम थांबलं, चौकशी बसली, आणि अल्पेशच्या मालकांचे वकील आले. केंद्रात वरून विचारणा झाली, तेव्हा नरेंद्र सरांनी सांगितलं की माणसं बाहेर काढायला मीच सांगितलं होतं, काय विचारायचं ते मला विचारा. त्या आठवड्यापासून लाल ठिपका दिसला की ते पुढच्या फेरीसाठी थांबेनासे झाले. आधी कोणाला तरी जागेवर बघून यायला पाठवायचे.

तारादीपची माणसं पांगली. कोणी अंबरनाथला भावाकडे, कोणी शहाडला भाड्याने. जयदेवचं बिऱ्हाड शिरगावला भावनाच्या दोन खोल्यांत आलं. तो तिच्याशी बरेच दिवस धड बोलला नाही. एका सकाळी पाळीला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता, मान खाली घालूनच तो म्हणाला, "ताई, तू काच फोडली नसतीस तर आम्ही आत असतो. हे कळतं मला. पण घर गेलं, तेही खरंच ना?"

"खरंच आहे," ती म्हणाली.

तो गेला. आत आई तयार होत होती. दर सोमवारी ती आणि विनिताभाभी तारादीपच्या सगळ्या बायकांना गोळा करून महापालिकेच्या दारात जाऊन बसायच्या. या वेळी तोंडी आश्वासन घ्यायचं नाही, घराची किल्ली हातात पडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं होतं. तसबिरींचं बोचकं कपाटाजवळ तसंच ठेवलेलं होतं.

"आई, निदान तसबिरी तरी लाव ना भिंतीवर," भावना म्हणाली.

"आपल्या भिंतीवर लावीन," आई म्हणाली आणि तिने पायात चपला सरकवल्या.